बदलीचा माणूस

पंपघरातल्या मावशींची अख्खी हयात अणुभट्टीच्या पाण्यावर लक्ष ठेवण्यात गेली. नवरा गेला, मुलगा दूरदेशी कामाला लागला, गुडघ्यांनी दगा दिला. पंप तेवढे राहिले. लढाई नदीपलीकडे येऊन ठेपली, तशी भट्टी बंद केली.

"बंद आहे ना? मग रोज कशाला मरायला जाता?" सून विचारायची.

"अगं, ती काय तुझी शेगडी आहे? बंद केली तरी आतून धुमसतच असते. पाणी फिरायचं थांबलं, की तू, मी आणि ते तोफावाले, सगळ्यांचा एकदमच निकाल."

मग एका गोळ्याने विजेची लाइन तुटली आणि पंप डिझेलवर आले. माणसं पांगली. मावशी आणि त्यांचा जोडीदार लंबू, दोघंच पाळीपाळीने पंपांसमोरची खुर्ची सांभाळत. नेम एकच : बदलीचा माणूस बसल्याशिवाय आधीच्याने उठायचं नाही.

आज गाव सोडणारी शेवटची बस होती. "लंबू आला की मीही येते," असं मावशींनी सुनेला कबूल केलं होतं. दुपार टळली तरी लंबूचा पत्ता नाही. अखेर पंपांतलं फारसं न कळणाऱ्या शेजारच्या वायरमनला घटकाभर खुर्चीत बसवून त्या फाटकाबाहेर उभ्या असलेल्या बसपर्यंत गेल्या. निदान नातीचं तोंड तरी बघावं म्हणून.

बस माणसांनी ठासून भरली होती. सून दारात उभी. "आई, चढा पटकन! जागा धरलीय."

मावशींची नजर मागच्या बाकावर गेली. बायकोची शाल डोक्यावरून ओढून लंबू बसला होता. एवढा उंच माणूस, लपून लपणार किती! मांडीवर तान्हं पोर. मावशींना बघताच त्याने मान खाली घातली.

सुनेनेही पाहिलं. "हा इथे? ओढा त्याला खाली! लाज नाही वाटत? माझ्या सासूने काय जन्मभर तिथेच बसायचं?"

लंबू उठला. उठला खरा, पण हात असे कापत होते की पोर बायकोकडे देताना जवळजवळ निसटलंच.

मावशी बघत राहिल्या. राग येईल असं वाटलं होतं. पण रागवायलाही अंगात त्राण लागतं.

"बस खाली," त्या म्हणाल्या. "या हातांनी तू झडपा फिरवणार? त्यापेक्षा पोर धर नीट."

"मावशी, मी..."

"बस म्हटलं ना."

सून रडायला लागली. "आई, त्याला पोर आहे, आणि आम्ही कोण?"

मावशींनी खिडकीतून नातीच्या स्वेटरचं वरचं बटण लावलं, सुनेच्या गालावरून हात फिरवला आणि ड्रायव्हरला निघायची खूण केली.

पंपघरात वायरमन चुळबुळत होता. "दिसला का लंबू?"

"नाही बाबा," मावशी म्हणाल्या आणि खुर्ची पुढे ओढून बसल्या.