मोहरीची बशी

मी तिरसट माणूस आहे, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. मोटारींची छोटी मॉडेलं जोडणारे आमच्या इंदुरात जे दहा-बारा जण असतील, ते मला नवी गाडी दाखवायला बिचकतात. पण हा तिरसटपणा मूळचा माझा नाही, माझ्या मोठ्या भावाचा आहे. त्यानंच तो शिकवला.

मल्हारगंजच्या घरात आम्ही दोघं मॉडेलं जोडायला लागलो तेव्हा त्यानं एक रीत पाडली. एकानं गाडी केली की दुसऱ्यानं तपासायची. तोंडानं काही बोलायचं नाही. जितक्या चुका दिसतील तितके मोहरीचे दाणे बशीत टाकायचे आणि बशी पुढे सरकवायची. कुठे चुकलं ते करणाऱ्यानं स्वतः शोधायचं. माझ्या पहिल्या गाडीला त्यानं एवढी मोहरी टाकली की आईनं तिची फोडणी केली. तेव्हापासून आमच्यापैकी कुणाचीच बशी कधी रिकामी गेली नाही.

यंदा दिवाळीनंतर त्याचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टर म्हणाले, हे वाढतच जाणार. तरी त्यानं हातातली गाडी पूर्ण केली आणि राऊच्या त्याच्या घरून मला फोन केला. "राऊला ये भिया. सही-सही बघ. हात चालतोय की नाही, ते तुझ्या बशीवरून ठरवतो. नसेल चालत तर सामान बांधून ठेवतो."

वहिनीनं मला दारातच गाठलं. "भाऊजी, आज जरा नरमाईनं घ्या. दोन दिवस जेवणात लक्ष नाहीये त्यांचं."

गाडी खिडकीजवळ काचेवर ठेवली होती. चोवीस तासांच्या शर्यतीतली, जुनी, निळी, लांब शेपटीची. असल्या गाड्या तो कधी चकचकीत ठेवत नाही. चोवीस तास पळून आलेली गाडी तशीच दिसली पाहिजे, असं त्याचं म्हणणं. म्हणून नाकावर चिलटांचे ठिपके, चाकांवर ब्रेकची काळी धूळ, मागे तेलाचा ओघळ. इथेही ते सगळं होतं. पण चिलटांचे ठिपके उडून मागच्या दिव्यांच्या काचांवर गेले होते. दारावरचा आकडा वाकडा होता. पुढच्या काचेला आतून गोंद लागून ती धुरकट झाली होती, आणि त्यात त्याच्या अंगठ्याचा ठसा. मी चाकांखालून कागद सरकवून पाहिला. तीन चाकांशी तो अडला, चौथ्याखालून सरळ पार झाला; ते चाक काचेला टेकतच नव्हतं.

तो समोर बसून माझ्या बोटांकडे बघत होता, उजवा हात डाव्यानं दाबून धरून. मी मोहरीची डबी उघडली, जरा वेळ तशीच धरली आणि बंद केली. बशी रिकामीच पुढे सरकवली. वर मूर्खासारखा म्हणालो, "एकदम झकास, दादा."

त्यानं बशीकडे पाहिलं. मग डबी ओढून घेतली. "आकडा वाकडा," म्हणाला आणि एक दाणा टाकला. "काच." दुसरा टाकला. "मागचं चाक." दाणे बोटांतून निसटून टेबलभर घरंगळत होते, तो ते एकेक वेचत होता. मी मदतीला हात पुढे केला तर म्हणाला, "राहू दे." नऊ दाणे झाले. मीही नऊच मोजले होते.

"तुला दिसलं होतं ना हे?"

"दिसलं होतं," मी म्हणालो. माझी मलाच लाज वाटली.

वहिनी खायला सेव-परमल घेऊन आली आणि दारातच थांबली. तो रागावला असता तर बरं झालं असतं.

"मागच्या गाडीला तू सात टाकले होतेस," तो म्हणाला. "नऊ काही फार नाहीत. नऊ मी सुधारले असते. पण तू बशी रिकामी दिलीस." मग वहिनीकडे वळला. "एखादा खोका असेल तर दे. हे रंग आणि ब्रश बांधून ठेवू."