दिवे लागल्यावर सौदा नाही

आई नाशिकला अंथरुणाला खिळली होती आणि मला बोलावत होती. पण ती होती थोरल्या भावाच्या घरी. वाटणीत त्याने घर लाटलं, वर देवघरातले टाकही उचलले. त्याच्या उंबऱ्याला पाय लावणार नाही, असं मी ठणकावून आलो होतो. कतारमध्ये जुन्या फर्निचरचा धंदा एकट्याने उभा केला, कुणापुढे मान न वाकवता. त्या शुक्रवारी मात्र खंडोबाच्या तसबिरीपुढे अडलो. म्हटलं, देवा, जाऊ की नको, तूच सांग.

दुपारी समैस्मा नावाच्या इथल्या किनाऱ्यावरच्या गावी एका बाईंचं सामान घ्यायला गेलो. बाई ज्यू, पत्रकार. युरोपातल्या त्यांच्या देशात फासिस्टांनी सत्ता बळकावली, वर्तमानपत्राला टाळं ठोकलं, बाईंचं नागरिकत्वच काढून घेतलं. तरी त्या लिहीत राहिल्या, म्हणून परतीची वाट बंद. आता इथलंही बिऱ्हाड आवरून त्या तिसऱ्या देशात निघाल्या होत्या. घासाघिशीत पक्क्या, मला मजा येत होती. ऊन कललं तशा त्या उठल्या, दोन मेणबत्त्या लावल्या, डोळ्यांवर हात धरून काही पुटपुटल्या आणि येऊन गप्प बसल्या. मला वाटलं, हा डाव आहे. मी भाव वाढवला. त्या गप्प. आणखी वाढवला. तरी गप्प! मी भडकलो, "मॅडम, बोला तरी! अजून किती चढू?"

त्या खळखळून हसल्या. "स्वतःशीच छान भांडता तुम्ही! आमचा शब्बाथ लागला, आठवड्याचा विसाव्याचा पवित्र दिवस. दिवे लागल्यावर सौदा नाही, उद्या रात्री या."

तेवढ्यात भावाचा फोन आला. मी कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला. बाईंनी विचारलं, तेव्हा कोण जाणे कसं, मी सगळं सांगून बसलो.

"भाऊ चोर आहे?"

"पक्का."

"मग आईजवळ बसा आणि त्याला तोंडावर चोर म्हणा. माझी आई गेली ती मी फोनच्या पडद्यावर पाहिली. मला सरकारने अडवलं. तुम्हाला कोण अडवतंय?"

मी उठून बाहेर आलो. गाडीत बसूनच तिकीट काढलं.

भावाने दार उघडलं. मी त्याच्याशी बोललो नाही. तो आजही माझा गुन्हेगार आहे. पण आईने माझा हात धरला, आणि ती गेली तेव्हाही तो तिच्या हातात होता.

कुणी योगायोग म्हणेल, म्हणू दे. मी कौल मागितला, तो मिळाला. देवाने कुणाच्या तोंडून बोलावं, हे ठरवणारा मी कोण? आता रोज हात जोडतो तेव्हा स्वतःसाठी काही मागत नाही. एवढंच म्हणतो, देवा, त्या बाईंच्या देशाचं दार त्यांच्या हयातीत उघड.