मीठ एकदाच

भिसेगावात आमच्या शेजारी हर्षला राहते. लग्नाआधी नर्सिंग केलेलं, आता नेरळच्या एका दवाखान्यात कामाला जाते. सरकारी नर्सच्या परीक्षेत दरवेळी इंग्रजीच्या पेपरात अडकायची. वयाची अट बघता यंदाची संधी शेवटची होती, पण घरी तिने हे सांगितलं नव्हतं. मी शाळेत इंग्रजी शिकवते, म्हणून सुट्टीच्या दुपारी मी भाजी निवडायला ओट्यावर बसले की ती पुस्तक घेऊन यायची. मागोमाग तिचे सासरे, सदूआप्पा, नातवाला कडेवर घेऊन.

"वाक्य लांबलं की माझा श्वासच अडकतो, काकू," ती म्हणायची. खरं तर अडकायची ती 'अनलेस'पाशी. तिथे मनातल्या मनात आणखी एक 'नॉट' घालायची. मग 'ताप उतरल्याशिवाय गोळी थांबवू नका' याचं 'ताप उतरला की थांबवू नका' होऊन बसायचं.

"अगं, अनलेसच्या पोटातच 'नाही' आहे. 'लेस्ट'च्याही. वरून दुसरं कशाला?"

आप्पा हसले. "म्हंजे मीठ आदीच घातलेलं हाय. परत घालू नको, तुझ्या सासूवानी."

शेजारच्या खिडकीतून सासूबाई, सुंदराताई, म्हणाल्या, "नातू धरा नीट. इंग्रजी मागनं."

तेव्हापासून कसलाही किचकट उतारा आला की हर्षला पेन्सिल टेकवून म्हणायची, "काकू, इथे मीठ आहे." आणि अर्थ अचूक सांगायची. आप्पा नातवाला म्हणायचे, "बघ रं, तुझी आय सायबीण होतेय."

हॉलतिकीट आलं त्याच आठवड्यात आप्पा अंगणात पाय धुताना पडले ते उठलेच नाहीत. परीक्षेची तारीख नेमकी दहाव्याची निघाली.

हर्षलाने नवऱ्याला विचारलं. ऋषिकेश चौक गावातल्या गॅरेजात आहे, माणूस वाईट नाही. तो हळूच म्हणाला, "बापाच्या दहाव्याला सून पनवेलला पेपर देतेय, भावकी काय म्हणंल गं?" सासूबाई खाली मान घालून तांदूळ निवडत राहिल्या. हर्षलाने पुन्हा विचारलं नाही.

दहाव्याला आम्ही सगळे नदीवर होतो. पिंड मांडला. समोरच्या उंबरावर कावळे बसलेले, पण एकही खाली येईना. ऋषिकेश हात जोडून म्हणाला, "आप्पा, आयेला जपीन." कावळे हलले नाहीत. "पोराला शिकवीन." तरी नाहीत. ऊन चढलं. पनवेलला एव्हाना पेपर सुरू झाला असेल. हर्षला पोराच्या डोक्यावर पदर धरून उभी होती, नजर पाण्यात.

गुरुजी दर्भाचा कावळा करायला निघाले, तेवढ्यात सुंदराताई लेकाला म्हणाल्या, "तिचं बोल रं."

ऋषिकेशने बायकोकडे पाहिलं. "आप्पा, हर्षलाला परीक्षेला बसवतो. पुढच्या वर्षी. शब्द देतो."

कावळा आला. पिंडाला शिवला.

भावकी मोकळी झाली, बायका डोळे पुसू लागल्या. सुंदराताई सुनेला मिठी मारून रडल्या, "तुझ्यात जीव अडकला व्हता गं त्यांचा."

मी बोलायला पुढे झाले, तसा हर्षलाने माझा हात घट्ट धरला.

"काकू, वयाच्या अटीचं यांना सांगू नका," ती पुटपुटली. "आप्पा आत्ता कुठे सुटलेत."

मग तिने पोराला खांद्यावर घेतलं आणि सासूचा हात धरून चढ चढू लागली.