न हलणारे बोल्ट

आधी चहा घ्या, कारण हे ऐकल्यावर तुम्ही मला कुठलंच काम सांगणार नाही. आमच्या बरकतपुरा मोहल्ल्यात मी कुलूप ओढून बघणारा माणूस म्हणून प्रसिद्ध आहे. एकदा ओढतो, जिना उतरतो, परत चढून ओढतो. हसू नका, तुमच्याही घरात असा एक जण असणारच.

तर आमची ऋता. इंजिनिअर पोरगी, निमूट नोकरी करावी की नाही? हिने मैत्रिणींबरोबर वाळवंटातल्या शर्यतीसाठी बग्गी बांधली. नुसता इंजिन लावलेला लोखंडी पिंजरा, आणि चालवणार कोण, तर हीच. माझी झोप उडाली होती.

"बाबा, मला ऑफिसातून निघता येत नाही आणि उद्या बग्गी ट्रकवर चढवायची आहे. कोठीच्या बाजारातून बीडलॉकची चाकं आणाल?"

तिने फोनवर नीट समजावलं. वाळूत टायरची हवा कमी ठेवतात, मग टायर रिमवरून निसटू शकतो. म्हणून बाहेरून एक कडं बोल्टांनी आवळतात, ते टायरला धरून ठेवतं. म्हणजे पोरीचा जीव त्या बोल्टांवर! हे काम माझ्याइतकं चोख कोण करणार होतं?

घरचा पाना घेऊनच गेलो. दुकानदाराने दोन तऱ्हेची चाकं मांडली. पहिल्याच्या बोल्टाला पाना लावला, तर तो गरकन फिरला. दुसऱ्याला लावला. ढिम्म. दोन्ही हातांनी जोर केला, माझा चष्मा पडला, बोल्ट काही हलला नाही.

"ऐसा ढीला माल कायको रखते जी?" मी दुकानभर ऐकू जाईल असा कडाडलो. "किसी के बच्चे की जान जाती!"

"अरे साब, वो तो..."

"तुम रहने दो. मेरेकू हिलने वाला नक्को."

"हिलने वाला नक्को बोले तो ये लेलो," तो म्हणाला आणि दुसरी चाकं माझ्यापुढे सरकवली. पहिली चाकं न्याहाळणारी दोन गिऱ्हाइकं तेवढ्यात हळूच बाहेर पडली. मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू!

संध्याकाळी ऋता नल्लकुंट्याच्या गॅरेजात आली, बग्गी तिथेच उभी होती. मी तिच्यासमोर पाना लावला. "बघ, हलतोय का?"

तिने वाकून पाहिलं आणि खालीच बसली.

"बाबा, हे बोल्ट नाहीत. नक्षी आहे, रिमबरोबरच ओतलेली. शहरात मिरवायची चाकं आहेत ही."

"आणि ते सैल होते ते?"

"टायर बसवायच्या आधी बोल्ट कोण आवळतं?"

ही चाकं घालून ती वाळूत उतरली असती तर? दोघांनी चाकं ऑटोत कोंबली आणि कोठी गाठली. रस्ताभर एकच धास्ती, ती खरी चाकं विकली गेली असतील तर? दुसरी आणायला वेळ कुठे होता?

चाकं तिथेच होती.

"कैसे बिकती साब? तुम जो चिल्लाए, सुनके दोनों गिराक भाग गए," दुकानदार म्हणाला.

जीव भांड्यात पडला हो. पुढे शर्यतीत ऋताचा नंबर बराच खाली आला, पण चारही टायर जागेवर आणि पोरगी धडधाकट. मला आणखी काय हवं होतं?

पण त्या संध्याकाळी दुकानात मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. नक्षीवाली चाकं परत देताना मी ओशाळून म्हणालो, "माफ करो भाई. अब ये कौन लेगा?"

त्याने ती शांतपणे पुसून पुढच्या फळीवर मांडली.

"फिकर नक्को करो साब. तुम्हारे जैसे रोज आते."