ताऱ्यांची टोकं आणि लीड्सचे शनिवार

इंग्लंडमधल्या आमच्या लीड्सच्या कॉइन क्लबमध्ये नाणी जमतात त्याच्या दसपट किस्से जमतात. बायको म्हणते, "शनिवारी रिकाम्या हाताने जातोस, रिकाम्या हाताने येतोस, पण बडबड मात्र पोतंभर आणतोस!"

आधी एवढंच सांगतो. दोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेत सोन्याची नाणी पाडायचे ठसे, म्हणजे डाय, बरेचसे हातानेच कोरायचे. त्यामुळे एकाच सालच्या दोन नाण्यांतही फरक. कुठे तारा अक्षराला टेकलेला, कुठे ठशालाच तडा. असे फरक शोधत आम्ही सात-आठ माणसं चर्चच्या हॉलमध्ये शनिवारची दुपार घालवतो.

*

साठेकाका मूळचे नागपूरचे, इथल्या हॉस्पिटलमधून रिटायर झालेले रेडिओलॉजिस्ट. एकदा भिंगातून बघता बघता ओरडले, "अरे, हेअरलाइन फ्रॅक्चर!" ठशाला तडा गेला की त्याची बारीक रेघ नाण्यावर उमटते, ती त्यांना दिसली होती.

शेजारच्या जॉर्जने गंभीरपणे विचारलं, "प्लास्टर घालायचं का?"

"छे! मोडलंय म्हणून तर लोक याला जपतात. माझ्या पेशंट्सचं असं असतं तर!"

*

नाण्यावरच्या लिबर्टीबाईंची, म्हणजे स्वातंत्र्यदेवीची, एक बट इकडची तिकडे झाली तरी काकांना दिसते. एका रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला गेलो, तर काकींनी कमरेपर्यंतचे केस कापून पार मानेवर आणलेले!

"काकी, मस्त दिसतंय!" मी म्हटलं.

काका म्हणाले, "काय मस्त दिसतंय?"

काकींनी शांतपणे आमटी वाढली. "गुरुवारपासून मी नव्या डायची आहे, अहो!"

*

जॉर्ज हा रिटायर्ड बस ड्रायव्हर. सोन्याचं नाणं परवडत नाही, पण फोटो चिकटवून, एकेका ताऱ्याचं टोक तपासून भरलेल्या त्याच्या अकरा वह्या आहेत.

एकदा एक डीलर 'रेअर व्हरायटी', म्हणजे दुर्मिळ ठशाचं, म्हणून एक नाणं घेऊन आला. जॉर्जने क्षणभर पाहिलं. "नाही. त्या व्हरायटीत तारा गरुडाच्या चोचीला टेकतो. इथे फट आहे."

डीलर चिडला. "तुझ्याकडे अशी किती आहेत?"

"एकही नाही," जॉर्ज म्हणाला. "तीस वर्षं बस चालवली, ती तरी कुठे माझी होती?"

*

माझं पहिलं नाणं मी ऑनलाइन घेतलं आणि ऐटीत क्लबमध्ये फिरवलं. जो तो भिंग लावून बघे आणि पुढे सरकवे. शेवटी काकाच म्हणाले, "डबी फार सुंदर आहे रे!"

मी समजलो. नाणं खोटं होतं. त्या आठवड्यात मी कोणाचे फोनही उचलले नाहीत. पुढच्या शनिवारी कसाबसा गेलो, तर टेबलावर नाण्यांची रांग. प्रत्येकाने आपापलं खोटं निघालेलं नाणं आणलं होतं!

जॉर्ज म्हणाला, "वेलकम. आता तू मेंबर झालास."

*

आमच्या क्लबचा जुना मेंबर ॲलन मागच्या वर्षी गेला. कितीतरी वर्षं तो पाच डॉलरच्या नाण्याची एकच व्हरायटी शोधत होता. दर शनिवारी क्लबच्या आधी, सकाळीच, तो आणि जॉर्ज गावोगावच्या कॉइन फेअरना जायचे आणि "अजून नाही सापडलं" म्हणत परत यायचे.

महिनाभराने त्याची बायको मार्गारेट एक पाकीट घेऊन आली. त्यात एक नाणं होतं. काकांनी भिंग लावून ताऱ्यांची टोकं तपासली. "हे तेच आहे!"

पाकिटावर ॲलनच्या अक्षरात व्हरायटीचा नंबर होता आणि तारीख. बारा वर्षांपूर्वीची.

मार्गारेटने तारीख पुन्हा वाचली. "बारा वर्षं? आणि मला दर शनिवारी सांगायचा की..."

जॉर्जने चष्मा काढून पुसला. "मला माहीत होतं. मीच ओळखून दिलं होतं."

"मग इतकी वर्षं तुम्ही दोघं शोधत काय होतात?"

जॉर्जने नाणं परत पाकिटात घातलं आणि अलगद तिच्या हातात ठेवलं.

"पुढच्या शनिवारी यॉर्कला फेअर आहे," तो म्हणाला. "येतेस?"