विसरलेला चष्मा

बसवनगुडीच्या वाचनालयात मराठी पुस्तकांचं एकच कपाट आहे. तिथं एक आजोबा रोज माझी वाट पाहत बसायचे.

"अक्का, चष्मा विसरलो. स्वल्प वाचून दाखवता?"

मी कुरकुरत वाचायचे. 'तूप' आलं की ते हात वर करून थांबवत. "हे आमच्या कन्नडातलं तुप्प!" 'अडकित्ता' आला त्या दिवशी तर टाळीच वाजवली.

काल मी लवकर पोचले, तर आजोबा चष्म्याशिवाय कन्नड पेपर घडाघड वाचत होते. मी हबकलेच.

"म्हणजे वर्षभर मला फसवलंत?"

त्यांनी पेपरची घडी घातली. "घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलतो, अक्का. पण शाळेत कन्नड अक्षरंच शिकलो. मराठी वाचताच येत नाही."

मग त्यांनीच हळूच विचारलं, "उद्याही चष्मा विसरू ना?"