काचंतलं धपाटं

"मावशी, असलं काही इथं मिळत नाही. बाहेर गाड्यावर बघा."

मॅडम असं बोलली. माझ्या मायला, तिनं धपाटं मागितल्यावर. अन् माय ज्या काचंसमोर उभी होती, त्या काचंच्या आत मायनंच पहाटं थापलेली धपाटी मांडून ठेवलेली होती.

माय म्हणली, "अवं बाई, ही काय हायेत की." अन् तिनं काचंवर बोट ठेवलं.

"ते वेगळं आहे. ते मिलेट फ्लॅटब्रेड आहे. आणि काचेला हात नका लावू, प्लीज."

मागच्या टेबलावरच्या दोन पोरी फिसकन हसल्या. मी काउंटरमागं. अंगात काळा एप्रन, छातीवर नावाची पट्टी. ही माझी माय हाय, ही तिनंच केलीत, एवढंच बोलायचं होतं. नाय बोलले. आज सांगायला बी लाज वाटते, पण सांगणार. कारण लाज माझ्या एकटीची नाय.

कॅफेचं नाव घेत नाय. फुकटची जाहिरात कशाला? शहरातलं मोठं कॅफे, काचंचं, एसीचं. मॅडम म्हणजे मालकीण. पुण्याची, लग्न करून इकडं आलेली. अन् मी फुलंब्रीच्या पुढं आत जे गाव हाय तिथली, बीए झालेली, रोज काळीपिवळी जीपमधी कोंबून येणारी. काउंटरवर ऑर्डर घ्यायचं काम.

एकदा माझ्या डब्यात धपाटं होतं. ज्वारीचं, लसूण-मिरची कुटून, वरून तीळ. मॅडमनं तुकडा मोडून खाल्ला अन् डोळे मिटले. "कोणी केलं गं?" म्हणलं, मायनं. पुढच्या आठवड्यापासून माय तांबडं फुटायच्या आत उठून, ओल्या फडक्यावर धपाटी थापायला लागली, अन् मी डबा घेऊन यायला लागले. दोन वर्षं. टेबलावर मॅडमनं कार्ड ठेवलं. त्यावर तिच्या आजीचा फोटो, नऊवारीतला. खाली लिहिलेलं, 'आमच्या आजीच्या स्वयंपाकघरातून.'

मला बाजूला घेऊन म्हणली, "तुझ्या आईचं नाव नको काढूस हं कुणासमोर. लोकांना उगाच प्रश्न पडतात."

कोणते प्रश्न, ते मला कळलं. आडनाव तिनं पहिल्याच दिवशी विचारून घेतलं होतं. मी मान हलवली. नोकरी पायजे होती.

माय मात्र लई खूश होती. का, तर आमच्या गावच्या शाळंत ती खिचडी शिजवायला लागली होती तवा पोरं घरून डबे आणायला लागली. आयांनी पाठवलेले. पंधरा दिवस पातेलं भरलेलं तसंच राहिलं. मग माय आपणहून घरी बसली. म्हणून शहरातली माणसं तिच्या हातचं मागून मागून खातात, हे ऐकून ती रोज विचारायची, "आज समदी खपली का गं?" मी सांगायचे, व्हय, समदी. ते कार्ड मी तिला कधी दाखवलं नाय.

आता माझं पाप सांगते.

आमच्या कॅफेत एक नियम होता. गिऱ्हाइकानं आपल्या भाषेत काही मागितलं, की ते 'सुधारून' मोठ्यानं परत म्हणायचं. इकडं तर माणूस तशी तऱ्हा. जुन्या शहरातला म्हणायचा, "दो कट, मलई मारके." कन्नड तालुक्याकडचा म्हणायचा, "दुधाची काफी, गोड करा." कुणी म्हणायचं, दोनाचे तीन करा, म्हणजे दोन मागवायचे अन् तिसरा कप रिकामा घेऊन वाटून प्यायचे. आपल्याकडची रीतच हाय ती. एकट्यानं पेला तोंडाला लावून बसायचं, हे आपल्याला जमत नाय. अन् मी काय करायचे? गोड हसून म्हणायचे, "सर, यू मीन टू लाटे? शेअरिंग अलाउड नाही सर." देवगाव रंगारीचा एक म्हातारा शेतकरी होता. नातवाला शिकवणीला सोडायला यायचा. माझं असलं बोलणं ऐकून त्यानं पिशवी उचलली अन् गेला. परत आला नाय. मला त्या महिन्यात बक्षीस मिळालं. चांगल्या बोलण्याचं.

अन् पुण्याचं कुणी आलं अन् म्हणलं, "थालीपीठ आहे का हो?" तर? तर मॅडम स्वतः पुढं व्हायची. "आहे ना! तसंच समजा. आमच्या आजीचं." तिथं सुधारणा नाय. तिथं नुसतं दात दाखवणं. थालीपीठ म्हणलं की चालतंय, धपाटं म्हणलं की गाड्यावर जा. वा रे न्याय!

तर त्या दिवशी माय घाटीच्या सरकारी दवाखान्यात डोळे दाखवायला आलेली. मोतीबिंदू. मला न सांगता कॅफेत आली. ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून. आपलं धपाटं लोक कसं खातात ते बघायचं होतं तिला. अन् एकदा तरी टेबलावर बसून, नाव घेऊन मागायचं होतं.

मॅडमनं गाड्यावर जा म्हणल्यावर मायनं माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. मग ती म्हणली, "बरं. मंग काफी द्या एक. बशीसगट."

मॅडम माझ्या शेजारी उभी. नियम म्हणजे नियम. अन् माझ्या तोंडातून निघालं, "मॅम, यू मीन वन लाटे?"

मॅम. ज्या बाईनं मला नऊ महिने वागवलं, तिला मी मॅम म्हणले. ओळख दाखवली नाय. तिनंबी नाय दाखवली. पोरीची नोकरी जाईल म्हणून. मुकाट कोपऱ्यात जाऊन बसली. बशी नव्हतीच आमच्याकडं. तोंड भाजत, फुंकर घालत तिनं ती काफी संपवली.

मग उठली. कप हातात घेऊन हात धुवायच्या बेसिनकडं गेली. नळ सोडला. कप आतून धुतला, बाहेरून धुतला, त्याच्या कानापाशी बोट फिरवलं, अन् बेसिनच्या कडंला पालथा घातला.

सगळे बघायला लागले. अन् मॅडमनं टाळी वाजवली. खरंच वाजवली! "अय्या, किती गोड! बघा, जुन्या लोकांना किती वळण असतं. आपल्याकडची पिढी शिकेल का हे?"

वळण!

मायच्या माहेरच्या गावात एक चहाचं हॉटेल होतं. आमच्या लोकांचे कप बाहेर, भिंतीवरच्या खिळ्याला. आपला कप आपण काढायचा, हॉटेलवाला वरून चहा ओतणार, पिऊन झालं की आपणच धुवायचा अन् पालथा टांगायचा. नाय धुतला तर शिव्या. माय परकरात होती तवापासून तिच्या हाताला ते लागलेलं हाय. आता साठीला टेकली, तरी कुठंबी कप रिकामा झाला की तिचे हात नळाकडं जातात. पाव्हण्यांकडं बी. आम्ही भावंडं घरात तिला हसायचो. येडी झाली माय, म्हणायचो.

त्या दिवशी मला हसू आलं नाय. डोक्यात जाळ झाला. काल कप बाहेर ठेवून धुवायला लावणारे हेच, अन् आज ते धुणं बघून टाळ्या वाजवणारे बी हेच. अन् मधल्या दोन वर्षांत माझ्या मायच्या हातचं गिळून ढेकर देणारे बी हेच. अन् त्यांच्या काउंटरवर त्यांचाच एप्रन घालून उभी मी.

संध्याकाळी घरी गेले तर माय कणीक मळत होती. म्हणलं, माये, चुकलं माझं. ती म्हणली, "तू मला वळखलं नाय, त्याचं वाईट नाय वाटलं. प्वॉट हाय, करावं लागतं. पर माझंच हाय अन् मलाच म्हणती मिळत नाय. शाळंत तरी त्वांडावर नको म्हणत व्हते. हितं खात्यात अन् नाय म्हणत्यात."

मी म्हणलं, "रविवारपर्यंत थापत राहा. मंग बघू."

रविवारी कॅफे भरलेलं. त्यात पुण्याहून मॅडमची आई अन् मावशी आलेल्या. मधल्या टेबलावर. मॅडमनं स्वतःच्या हातानं ताटल्या नेल्या, वर लोण्याचा गोळा. "ओळखा बरं, कोणाची रेसिपी?"

तिच्या आईनं घास घेतला अन् डोळ्याला पदर लावला. "अगदी आमच्या आईच्या हातची चव गं!"

ऑर्डरचे नंबर पुकारायला काउंटरवर माईक असतो. मी तो उचलला.

म्हणलं, "मंडळी, तुम्ही जे खाताय त्याचं नाव धपाटं. फ्लॅटब्रेड नाय, थालीपीठ नाय. कार्डावरच्या आजीनं ते कधी केलेलं नाय. ते माझी माय करते. तिचं नाव गयाबाई. आमची वस्ती भीमनगर. ती गावच्या शाळंत शिजवायची तवा तिच्या हातचं कुणी खाल्लं नाय. तुम्ही दोन वर्षं खाताय. आता ताटात असंल ते बी खा, लाजू नका."

सगळ्यांच्या माना काउंटरकडं वळल्या.

मी मावशीकडं बघत होते. तिचा हात तोंडाशी थांबला. मग तिनं टिश्यू घेतला, तोंडाला लावला, घास त्यात काढला, घडी घातली अन् ताटलीखाली सारला. कुणाला दिसणार नाय असा. मला दिसला. अन् मी माईकवरच म्हणलं, "मावशी, आत्ताचा काढला. आधी गिळलेल्या घासांचं काय करता?"

खरं सांगते, काळीज थंड झालं. लोक म्हणतात सूड वाईट. म्हणू द्या. ज्यांनी कधी काही गिळलं नाय, त्यांना सोपं हाय म्हणायला.

मॅडम लालबुंद. "गेट आउट. आत्ताच्या आत्ता!"

म्हणलं, "यू मीन निघ?" अन् काच सरकवली, उरलेली सगळी धपाटी मायच्या डब्यात भरली, एप्रन काढून काउंटरवर टाकला अन् निघाले. एका टेबलावरचा माणूस खातच राहिला. दुसरे दोघं ताटल्या तशाच ठेवून उठले. कोण कुठलं ते मी चांगलं बघून ठेवलं.

आठ दिवसांनी मॅडमचा फोन. आवाजात साखर. "अगं, झालं गेलं विसर. गिऱ्हाईकं विचारतात. आईंना म्हणावं सुरू करा परत. आपण कार्डवर त्यांचं नाव टाकू की. फक्त गयाबाई असं. आडनाव वगैरे नको, दिसायला बरं नाही दिसत."

माय शेजारीच बसलेली. फोन स्पीकरवर. मी तिच्याकडं बघितलं. तिनं मान हलवली. नाय.

मी म्हणलं, "मॅडम, नाव, आडनाव, वस्ती, सगळं पायजे. मायचा फोटो पायजे, आजीचा काढून. अन् त्याच्या आधी तुमच्या मावशीला घेऊन आमच्या घरी या. भीमनगरात, दिवसाढवळ्या. मायच्या समोर मांडी घालून बसायचं, ती वाढंल ते खायचं, अन् समदं गिळायचं. मंग बोलू."

तिनं फोन कापला. परत करंल. धपाटं करणारी दुसरी बाई तिला अजून गावली नाय, मला माहीत हाय. अन् तोवर दर रविवारी मी तिच्या दारासमोर फुटपाथवर उभी राहते. गाडा नाय, दुकान नाय. आत जाणाऱ्या एकेकाला सांगते, दोन वर्षं इथं तुम्ही कोणाच्या हातचं खाल्लं. वॉचमन हाकलतो. मी दहा पावलं सरकते अन् तिथून सांगते. ती येत नाय तोवर सांगणार. आली तर तिला माझ्या दारात चपला काढायला लावणार.